एच-ब्रिजमधला एकच मॉस्फेट वारंवार जळतो: कारणाचा शोध आणि उपाय

मालवण तालुक्यात आचऱ्याजवळच्या किनाऱ्यावर आमची एक लहान होडी असते. ती वाळूवरून वर ओढण्यासाठी मी २४ व्होल्टच्या गिअरच्या मोटारीवर चालणारे विंच तयार केले आहे. मोटार दोन्ही दिशांना फिरावी आणि तिचा वेग कमीजास्त करता यावा म्हणून चार मॉस्फेटचा (विजेच्या इशाऱ्याने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) एच-ब्रिज घरीच जोडला. त्यात डावी आणि उजवी अशा दोन भुजा असतात, प्रत्येक भुजेत एक वरचा आणि एक खालचा मॉस्फेट, आणि दोन्ही भुजांच्या मध्ये मोटार. तो एका वर्षात पाच वेळा जळला आणि त्यांपैकी चार वेळा जळालेला भाग एकच होता, तो म्हणजे डाव्या भुजेतला वरचा मॉस्फेट. चारही मॉस्फेट एकाच जातीचे, एकाच हीट सिंकवर बसवलेले आणि सारख्याच तारांनी जोडलेले असताना बळी एकाचाच का जावा, हा प्रश्न मी आधी विचारला असता, तर पुढचे बरेच मॉस्फेट वाचले असते. हाच दोष इतरांच्या ब्रिजमध्येही असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून तो कसा सापडला ते सविस्तर लिहीत आहे.

मांडणी साधीच आहे. मॉस्फेट आयआरएफ ३२०५ जातीचे आहेत. त्यांची मर्यादा ५५ व्होल्टची असून चालू अवस्थेतला रोध जास्तीत जास्त ८ मिलिओहम असतो. माहितीपत्रकात ११० अँपिअर असा आकडा ठळक छापलेला असला, तरी त्याच पत्रकाच्या तळटीपेत वेष्टनाची मर्यादा ७५ अँपिअर दिलेली आहे, आणि प्रत्यक्षात हीट सिंक जेवढी उष्णता काढून घेईल तेवढाच विद्युतप्रवाह खरा धरावा. प्रत्येक भुजेला एक आयआर २१०४ हा मॉस्फेटना चालू-बंद करणारा ड्रायव्हर आयसी आहे. त्याला ७८१२ रेग्युलेटरवरून १२ व्होल्ट मिळतात आणि आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा लहान बोर्ड त्याला आज्ञा देतो. मॉस्फेटच्या तीन पायांपैकी ड्रेनकडून सोर्सकडे प्रवाह जातो आणि गेटवरच्या व्होल्टेजने तो चालू-बंद होतो. वरच्या मॉस्फेटच्या गेटला लागणारा जास्तीचा व्होल्टेज ४७ मायक्रोफॅरडच्या बूटस्ट्रॅप कपॅसिटरमधून येतो आणि प्रत्येक गेट व सोर्स यांच्यामध्ये १०० किलोओहमचा रोधक आहे. वीज दोन १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडून घेतली आहे. मोटार बिनभाराची सुमारे २ अँपिअर घेते आणि होडी ओढताना २० अँपिअर.

पुढे वाचण्याआधी एक गोष्ट. २४ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून हे काम निर्धोक आहे असे समजू नये, कारण लेड-अ‍ॅसिड बॅटरीची टोके जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि हातातली अंगठी किंवा पाना क्षणात लाल होतो. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच फ्यूज हवा, हातात धातूचे काही नको, आणि पहिल्यांदा वीज देताना डोळ्यांवर चष्मा हवा. जळणाऱ्या मॉस्फेटचा प्लास्टिकचा तुकडा उडून भिंतीवर आपटलेला मी पाहिला आहे.

आता चुकांकडे वळतो, कारण पहिले तीन महिने मी चुकीच्या दिशेनेच शोध घेत होतो. पहिल्यांदा मॉस्फेट जळला तेव्हा तो नकली असावा, असा संशय आला. नकली मॉस्फेट ओळखण्याची सोपी रीत आहे. गेटला सोर्सच्या तुलनेत १० ते १२ व्होल्ट द्यावेत, ड्रेनमधून २ अँपिअर सोडावेत आणि ड्रेन व सोर्सच्या पायांवर थेट मल्टिमीटर लावून मिलिव्होल्ट वाचावेत. खऱ्या ३२०५ वर १६ मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी दिसतात, आणि आकडा त्याच्या दुपटीच्या पुढे गेला तर मॉस्फेट बाजूला ठेवावा. माझ्याकडचे सगळे नग या परीक्षेत उतरले. दुकानदारावर मनातल्या मनात केलेला आरोप मागे घ्यावा लागला.

दुसरा संशय व्होल्टेजच्या उसळीचा होता आणि त्यामागे वरवर पाहता सबळ कारण होते. प्रत्येक वेळी ४० अँपिअरचा फ्यूज उडत असे तो कळ सोडण्याच्या क्षणी. मोटारीचा प्रवाह तोडला की उसळी येते हे पुस्तकी ज्ञान हाताशी असल्यामुळे, जे दिसत होते त्याला ते चिकटवून मी मोकळा झालो. मोठे कपॅसिटर लावले, मोटारीजवळ आणखी डायोड लावले, आणि पंधरा दिवसांनी तोच मॉस्फेट पुन्हा जळला.

तिसरी चूक मात्र निव्वळ माझीच होती. एक मॉस्फेट पुरत नसेल तर दोन लावू, अशा विचाराने मी प्रत्येक जागी दोन-दोन मॉस्फेट समांतर जोडले. त्याच बैठकीत मोटारीची शीळ बंद व्हावी म्हणून आर्डुइनोच्या टायमरची विभागणी बदलून, वेग ठरवणाऱ्या चालू-बंद स्पंदनांची वारंवारता ४९० हर्ट्झवरून ३१ किलोहर्ट्झवर नेली. या वेळी डावीकडचा मॉस्फेट वाचला आणि उजव्या भुजेतले वरचे व खालचे दोन्ही गेले. त्याचा हिशेब असा आहे. ३२०५ च्या गेटमध्ये भरावा लागणारा प्रभार १४६ नॅनोकूलंबपर्यंत असतो, म्हणजे दोघांचा मिळून सुमारे २९२. आयआर २१०४ गेट रिकामे करताना किमान २७० मिलिअँपिअर ओढण्याचीच हमी देतो, त्या हिशेबाने दोन गेट रिकामी व्हायला एक मायक्रोसेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. वरचा बंद करून खालचा चालू करण्यापूर्वी हा आयसी जी उसंत ठेवतो, ती मात्र सुमारे ०.५२ मायक्रोसेकंदाची असते. वरचा पुरता बंद होण्याआधी खालचा उघडू लागतो आणि बॅटरी त्या दोघांतून सरळ शॉर्ट होते. हे सेकंदाला साडेचारशे-पाचशे वेळा घडले तर एखादा ब्रिज तग धरेल, पण एकतीस हजार वेळा घडल्यावर धरणार नाही. मी एकेकच मॉस्फेट आणि जुनी वारंवारता पुन्हा आणली. इतका मोठा गेट जलद चालवायचा असेल तर अधिक ताकदीचा ड्रायव्हर हवा, मॉस्फेटची संख्या वाढवून ते साधत नाही.

त्या फसलेल्या प्रयोगातून एक उपयोगी खूण मिळाली. एकाच भुजेतले वरचा आणि खालचा असे दोन्ही मॉस्फेट एकदम गेले, तर उसंत कमी पडली असे समजावे. पण वरचा एकटाच जळतो आणि तोही नेहमी ठरावीक भुजेतला, तेव्हा दोष त्याच्या गेटपर्यंत पोहोचणाऱ्या व्होल्टेजमध्ये शोधावा.

तरीही कळ सोडताना फ्यूज का उडतो, हे कोडे उरलेच होते. ते सोडवले माझ्या काकांनी, ज्यांचा इलेक्ट्रॉनिक्सशी काडीचाही संबंध नाही. मे महिन्याच्या अखेरीस होडी शाकारण्यासाठी वर घेताना चौथ्यांदा फ्यूज उडाला, तेव्हा दोरीपाशी उभे असलेले काका म्हणाले, "तुझी मोटार पयली दमता, मगे एकदम धावता, आणि सोडलंस काय मरता." मी कळीकडे आणि होडीकडे बघत होतो आणि ते मोटारीचा आवाज ऐकत होते.

त्यांच्या तीन शब्दांत तीन अवस्था होत्या. मोटार दमते, म्हणजे तिला मिळणारा व्होल्टेज कमी होतो. ती एकदम धावते, म्हणजे वरचा मॉस्फेट जळून ड्रेन-सोर्समध्ये कायमचा जोडला जातो आणि मोटारीला पुन्हा पूर्ण २४ व्होल्ट मिळतात. कळ सोडली की माझा प्रोग्राम ब्रेक लावण्यासाठी दोन्ही खालचे मॉस्फेट चालू करतो. त्याच क्षणी डाव्या भुजेत वरचा जळून जोडलेला आणि खालचा चालू अशी स्थिती होते, बॅटरी शॉर्ट होते आणि फ्यूज उडतो. फ्यूज उडण्याचा क्षण मॉस्फेट मरण्याचा नव्हताच. मॉस्फेट त्याच्या कित्येक सेकंद आधी मेलेला असे, आणि मी उसळीच्या मागे लागलो होतो.

मग मोटार दमते का, एवढाच प्रश्न राहिला आणि त्याचे उत्तर बूटस्ट्रॅप कपॅसिटरमध्ये होते. वरचा मॉस्फेट पूर्ण उघडायचा तर त्याच्या गेटला सोर्सपेक्षा सुमारे १० व्होल्ट जास्त लागतात. सोर्स तर स्वतःच २४ व्होल्टवर गेलेला असतो, तेव्हा गेटला ३४ व्होल्ट हवेत आणि एवढा व्होल्टेज मंडलात कुठेच नाही. खालचा मॉस्फेट चालू असताना बूटस्ट्रॅप कपॅसिटरचे खालचे टोक जमिनीवर (म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकावर) येते आणि डायोडमधून तो सुमारे ११.३ व्होल्टपर्यंत भरतो. वरचा चालू झाला की तोच कपॅसिटर सोर्सबरोबर वर उचलला जातो आणि साठवलेल्या शिदोरीवर गेट धरून ठेवतो. खालचा मॉस्फेट पुन्हा चालू होईपर्यंत त्याला नवी भर मिळत नाही.

माझ्या प्रोग्राममध्ये ओढण्याच्या दिशेला डावीकडचा वरचा मॉस्फेट कायम चालू राहत असे आणि वेग कमीजास्त करण्यासाठी उजव्या भुजेला स्पंदने दिली जात. उजवीकडचा कपॅसिटर सेकंदाला ४९० वेळा भरून निघे, डावीकडचा मात्र कळ दाबल्यापासून सोडेपर्यंत उपाशी. उलट दिशेला हीच पाळी उजवीकडच्या वरच्या मॉस्फेटवर आली असती, पण होडी पाण्याकडे आम्ही हातानेच ढकलतो. म्हणून बळी नेहमी डावीकडचाच.

शिदोरी किती वेळ पुरते तेही काढता येते. १०० किलोओहमच्या रोधकातून ११ व्होल्टला सुमारे ११० मायक्रोअँपिअर जातात आणि आयसी स्वतः ३० ते ५५ मायक्रोअँपिअर खातो. ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर या दराने साधारण अडीच सेकंदांत ५ व्होल्टवर येतो. त्याखाली मॉस्फेट अर्धवट बंद होऊ लागतो आणि ड्रेन-सोर्समधला व्होल्टेज वाढतो. सोर्स सुमारे ७ व्होल्टपर्यंत उतरला की डायोडमधून कपॅसिटरला पुन्हा थोडी भर मिळू लागते आणि सगळे तिथेच स्थिरावते. मोटारीला ७ व्होल्ट आणि मॉस्फेटवर १७. होडीचे ओझे तेच असल्यामुळे प्रवाह २० अँपिअरच राहतो, म्हणजे मॉस्फेटमध्ये ३४० वॉट उष्णता. पूर्ण उघडलेल्या अवस्थेत हीच उष्णता तीन-चार वॉट असते. आयआर २१०४ मध्ये व्होल्टेज कमी झाल्यास बंद करण्याची सोय आहे, पण ती खालच्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर लक्ष ठेवते, वरच्या तरंगत्या पुरवठ्यावर नाही. आयआर २११० मध्ये ती वरच्या बाजूलाही असते. तिथे याच चुकीने मॉस्फेट न जळता मोटार नुसती थांबली असती.

टेबलावर हा दोष दिसला नाही, कारण बिनभाराची मोटार टेबलावर उड्या मारत असल्यामुळे मी कळ कधी दीड-दोन सेकंदांच्या वर धरलीच नाही. पाण्याच्या कडेला तो आठवडेच्या आठवडे दिसला नाही, कारण होडी आपण लाटेबरोबर ओढतो. लाट आली की कळ दाबायची आणि लाट ओसरली की सोडायची, त्यामुळे दर वेळी ब्रेक लागून कपॅसिटर भरत होता. कोरड्या वाळूवर येऊन कळ सलग धरली, की मॉस्फेट गेला.

पाचवी घटना याहून वेगळी वाटली होती. पावसाळाभर ब्रिजची पेटी होडीच्या खोपीत ठेवलेली होती. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच पहाटे, पहिल्याच लाटेला मॉस्फेट जळला. त्याच दिवशी भर दुपारी नवा मॉस्फेट लावून मोजले तर सगळे ठीक, आणि दुसऱ्या पहाटे मोजले तर गेटचा व्होल्टेज एका सेकंदात ढासळत होता. कारण मिठाचा थर. खाऱ्या वाऱ्याने सर्किटच्या प्लेटवर बसलेले मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून ओले होते, आणि समुद्री मिठातले मॅग्नेशियमचे क्षार तर याहून कमी आर्द्रतेतही ओलावा धरतात. दुपारच्या उन्हात थर वाळतो, पहाटे पुन्हा ओला होतो. आयआर २१०४ चे सहा, सात आणि आठ क्रमांकाचे पाय म्हणजे अनुक्रमे सोर्स, गेट आणि कपॅसिटरचे वरचे टोक. ते शेजारी-शेजारी, एकमेकांपासून अडीच मिलिमीटरवर आहेत. त्यांच्यामध्ये ५० किलोओहमची ओल धरली की अडीच सेकंदांची शिदोरी एका सेकंदावर येते. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांना हा परिच्छेद सोडून देता येईल, आम्हाला नाही.

हा दोष आपल्याकडे आहे का, ते एकही मॉस्फेट न गमावता तपासता येते. मोटारीच्या जागी गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्टचे दोन दिवे एकापुढे एक जोडावेत, आणि बॅटरीच्या धन तारेतही तसाच एक जोड घालावा. मग काहीही चुकले तरी पाच अँपिअरच्या फार पुढे प्रवाह जात नाही. मल्टिमीटरचे लाल टोक डावीकडच्या वरच्या मॉस्फेटच्या गेटवर आणि काळे टोक त्याच्याच सोर्सवर लावावे. अनेक जण काळे टोक सवयीने जमिनीवर लावतात आणि तिथे मोठा आकडा पाहून समाधान मानतात, पण त्या आकड्यावरून गेटची खरी स्थिती कळत नाही. कळ दाबून घड्याळाकडे बघत दहा सेकंद धरून ठेवावी. आकडा ११ च्या आसपास हलला नाही तर ठीक, उतरू लागला तर हाच दोष. ऑसिलोस्कोप वापरत असल्यास त्याच्या दोन्ही चॅनेलचे जमिनीचे चिमटे आतून एकच असतात हे विसरू नये. एक सोर्सवर आणि दुसरा बॅटरीच्या ऋण टोकावर लावणे म्हणजे खालचा मॉस्फेट तारेने शॉर्ट करणे.

उपाय मुख्यतः प्रोग्राममध्ये केला. आता ओढताना उजवीकडचा खालचा मॉस्फेट कायम चालू राहतो आणि स्पंदने डाव्या भुजेला दिली जातात. स्पंदनाच्या रुंदीचे कमाल मूल्य २५५ ऐवजी २५० ठेवले आहे, त्यामुळे प्रत्येक आवर्तनात सुमारे ४० मायक्रोसेकंद खालचा मॉस्फेट चालू होतो आणि दोन मिलिसेकंदांत गमावलेला थोडासा प्रभार परत भरतो. मोटारीच्या ताकदीत दोन टक्क्यांची घट दोरीला कळतही नाही. कळ दाबल्यावर आधी दहा मिलिसेकंद दोन्ही खालचे मॉस्फेट चालू ठेवून कपॅसिटर भरून घेतला जातो. आर्डुइनो सुरू होत असताना त्याचे पाय अधांतरी असतात, म्हणून दोन्ही ड्रायव्हरच्या आज्ञेच्या आणि बंदच्या पायांना जमिनीशी १० किलोओहमचे रोधक जोडले. ज्यांना शंभर टक्के वेळ वरचा मॉस्फेट चालू ठेवायचाच आहे, त्यांनी त्या बाजूला स्वतंत्र, विलग केलेला १२ व्होल्टचा लहान पुरवठा द्यावा. नुसता मोठा कपॅसिटर लावल्याने दोष थोडा पुढे ढकलला जातो, इतकेच.

प्लेट धुण्याबाबत एक चूक सर्रास होते. सोल्डरिंगचे फ्लक्स काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्तम, पण मीठ त्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून आधी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश, मग अल्कोहोल, मग दिवसभर ऊन. प्लेट पूर्ण वाळल्यावर अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक लेप दोन वेळा द्यावा. ओलावा आत असताना लेप दिला तर मीठ कायमचे आत कोंडले जाते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन पेटीत कुठेही वापरू नये, त्यातून सुटणारे आम्ल तांबे खाते. तारा पेटीत खालच्या बाजूने घ्याव्यात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी आत शिरत नाही.

उसळीचा संशय चुकीचा ठरला, तरी त्यासाठी लावलेले कपॅसिटर मी काढले नाहीत. बॅटरीपासून ब्रिजपर्यंत तीन-तीन मीटर लांब तारा आहेत आणि त्यांतला प्रवाह प्रत्येक स्पंदनाला तुटतो, म्हणून २२०० मायक्रोफॅरडचे दोन आणि एक मायक्रोफॅरडचा एक फिल्म कपॅसिटर ब्रिजला अगदी चिकटून असणे योग्यच आहे. जाण्याची आणि येण्याची तार एकमेकींना पीळ देऊन घेतली, ते त्याहून स्वस्तात झाले.

बदलानंतर दिव्यांवर घेतलेल्या चाचणीत गेटचा व्होल्टेज दुपारी आणि पहाटे, दोन्ही वेळा सरासरीने स्थिर राहिला. खालचा मॉस्फेट अधूनमधून चालू होत असल्यामुळे कमी वेगावर मल्टिमीटर लहान आकडा दाखवतो, म्हणून हे मोजमाप कमाल वेगावरच घ्यावे. त्यानंतर धन तारेतले दिवे काढले, ४० अँपिअरचा फ्यूज लावला, होडी कोरड्या वाळूवर ठेवली आणि कळ सलग चाळीस सेकंद धरली. हीट सिंक कोमट झाला. मोटारीची ४९० हर्ट्झची शीळ अजून आहे, आणि काकांची तिच्याबद्दल तक्रारही आहे.